उत्तराच्या आधी थांबवा

प्राथमिक शाळेत गणितासाठी ॲनिमेशनचे व्हिडिओ दाखवावेत की नाही, हा वाद आता जुना झाला. ते दाखवले जातातच. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की ‘दीक्षा’वरचा पाठ उघडतो. गावाने लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर किंवा भिंतीवर लावलेला टीव्ही आडवळणाच्या वाडीवरही दिसतो. यूट्यूबवर शिक्षकांनी रात्री जागून स्वतः तयार केलेल्या व्हिडिओंची तर गणतीच नाही. हे सगळे होत असताना दोनच प्रश्न मागे पडले आहेत, आणि त्यांच्याकडे व्हिडिओ बनवणाऱ्यांचेही लक्ष नाही आणि विकत घेणाऱ्यांचेही नाही. हा व्हिडिओ कुठे थांबतो? आणि तो थांबतो तेव्हा मुलाच्या हातात काय असते?

हातच्याच्या वजाबाकीचा कुठलाही व्हिडिओ घ्या. ते जवळपास एकाच साच्यातले असतात. पडद्यावर ५२ वजा २७. दशकाच्या घरात पाच गठ्ठे, एककाच्या घरात दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, असे एक गोड आवाज सांगतो. लगेच एक गठ्ठा टुणकन उडी मारतो, त्याचा दोरा हवेत सुटतो, चांदण्या चमकतात आणि दहा काड्या एककाच्या घरात येऊन बसतात. बारा झाल्या. बारातून सात गेल्या, पाच राहिल्या. चारातून दोन गेले, दोन राहिले. उत्तर पंचवीस, टाळ्या, पुढचे उदाहरण. हे सगळे पाऊण मिनिटात उरकते. दुसरीचा वर्ग डोळे विस्फारून बघतो आणि ‘पंचवीस’ असे एका सुरात ओरडतो. पाहुण्यांना वर्ग दाखवायचा असेल तर याहून देखणे दृश्य नाही.

आता पडदा बंद करून त्याच मुलांना पाटीवर ६३ वजा २८ घाला. वर्गात फिरून पाट्या बघितल्या की त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर ४५ दिसतात. आठातून तीन गेले, पाच राहिले; सहातून दोन गेले, चार राहिले. मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, एवढा एकच नियम मुलाने घट्ट धरलेला असतो आणि पाऊण मिनिटाच्या चांदण्यांनी तो जराही हललेला नसतो. यात मुलाचे लक्ष नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्याने गठ्ठा सुटताना पाहिला होता. पण गठ्ठा सोडायचा हे त्याने ठरवले नव्हते, ते व्हिडिओने परस्पर ठरवून टाकले. दोनातून सात जात नाहीत, मग आता काय करायचे, या अडलेल्या क्षणी खरे गणित सुरू होते. व्हिडिओने तो क्षण दोन सेकंदांत मागे टाकला.

तेच ६३ काड्यांनी करून बघा. सहा रबरबँड लावलेले गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलीच्या पुढ्यात आहेत. शेजारची मैत्रीण दुकानदार झाली आहे आणि तिला २८ काड्या द्यायच्या आहेत. दोन गठ्ठे पटकन दिले जातात. आता आठ द्यायच्या, हातात तर तीनच सुट्या. मुलगी थांबते. बाईंकडे बघते. बाई गप्प राहतात. कुणी गठ्ठ्याला हात लावून मागे घेते, कारण बांधलेला गठ्ठा सोडायची परवानगी आहे की नाही हेच तिला ठाऊक नसते. कुणी रबरबँड काढते, दहा काड्या तीनात मिसळते आणि तेरांतून आठ मोजून देते. आणि एखादी अख्खा गठ्ठा देऊन टाकते आणि म्हणते, ‘मला दोन परत दे.’ दुकानात सुट्या पैशांचा व्यवहार असाच होतो आणि तो तिने डोळ्यांनी पाहिलेला असतो. ही तिसरी रीत पुस्तकात नाही, व्हिडिओतही नाही, आणि ती पूर्ण बरोबर आहे. एखाद्या चांगल्या शिक्षकाला त्या एका वाक्यातून पुढचा अर्धा तास मिळतो. सगळ्या मुली पस्तीसवर पोचतात तेव्हा त्या वाटेत कुठे अडल्या होत्या, हे त्यांना सांगता येते.

हे काम अजून किती बाकी आहे, ते ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात दिसते. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी दोन अंकी हातच्याची वजाबाकी येणारी मुले ३३.७ टक्के आहेत, आणि पाचवीत भागाकार करता येणारी ३०.७ टक्के. २०२२ च्या तुलनेत दोन्ही आकडे वर गेले आहेत आणि त्याचे श्रेय शिक्षकांना दिलेच पाहिजे. तरीही तिसरीतल्या तीनांपैकी दोन मुलांना ही वजाबाकी येत नाही. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली आहे. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्याकडे शाळा डिजिटल झाल्या, त्यांच्या फाटकांवर तशा पाट्या लागल्या. पडदे आले. पडद्यासमोर बसलेल्या मुलाने काय करायचे, याचा विचार मात्र त्या वेगाने झाला नाही.

पडद्यावरून शिकवण्याचा आपला इतिहास याहून बराच जुना आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा ‘साइट’ हा मोठा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्यात शाळकरी मुलांसाठी सकाळचे कार्यक्रम होते. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि तिने मराठीत शैक्षणिक कार्यक्रमांचा मोठा साठा उभा केला. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. अशी संस्था चालू ठेवता न येणे ही महाराष्ट्राच्या शिक्षण व्यवस्थेची मोठी चूक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण त्या काळच्या कार्यक्रमांना एक मर्यादा होती आणि ती कुणाच्याच हातात नव्हती. प्रक्षेपण ठरलेल्या वेळी सुरू व्हायचे आणि ठरलेल्या वेळी संपायचे. एखादे मूल मागे राहिले म्हणून दूरदर्शन थांबत नव्हते. आजचा व्हिडिओ बोटाच्या एका स्पर्शाने थांबतो, मागे जातो, आवाज बंद करून चालतो. साइटच्या काळातल्या शिक्षकाला जे मिळणे शक्यच नव्हते ते आज वाडीवरच्या शिक्षकाच्या हातात आहे. आणि बहुतेक वर्गांत व्हिडिओ पहिल्या सेकंदापासून शेवटच्या टाळीपर्यंत सलग चालवला जातो.

थांबण्याची आणि गप्प राहण्याची किंमत ओळखणारे लोक या माध्यमात फार पूर्वी होऊन गेले. स्वित्झर्लंडमधल्या ज्याँ-लुई निकोले या शिक्षकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या छोट्या हलत्या चित्रफिती केल्या. त्या काही मिनिटांच्या होत्या आणि पूर्ण मूक होत्या. रेषा सरकते, वर्तुळ वाढते, बिंदू एका मार्गाने जातो. नाव नाही, सूत्र नाही, निवेदन नाही. गणितशिक्षणतज्ज्ञ कॅलेब गटेन्यो यांनी त्या इंग्लंडमध्ये नेल्या आणि वापरल्या. फीत संपली की विद्यार्थ्यांना विचारायचे, तुम्ही काय पाहिले? पुढचा तास मुलांच्या बोलण्यातून चालायचा. त्या चित्रफिती मोठ्या वर्गांच्या भूमितीसाठी होत्या, पण रीत दुसरीलाही तशीच लागू पडते. तुमच्याकडे असलेला कुठलाही गणिताचा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा आणि मुलांना सांगायला लावा. गोड आवाजाने जे पुरते सांगून टाकले असते ते मुले तोडक्यामोडक्या शब्दांत, एकमेकांना दुरुस्त करत स्वतः सांगतात.

हलते चित्र हे स्थिर चित्रापेक्षा आपोआप चांगले शिकवते, ही समजूतही तपासून झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वेर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. ॲनिमेशन सरस ठरल्याचे जिथे दिसत होते तिथे बहुधा त्यात स्थिर चित्रापेक्षा जास्त माहिती घातलेली होती किंवा हाताळण्याची जास्त सोय होती, असे त्यांना आढळले. हलते चित्र बऱ्याचदा इतके वेगाने सरकते की डोळ्याला ते नीट टिपता येत नाही. पाटीवरचे किंवा पुस्तकातले चित्र मुलासमोर तसेच राहते, त्याला वाटेल तेव्हा ते पुन्हा बघता येते. व्हिडिओतला सुटलेला गठ्ठा मात्र पुढच्या क्षणी नाहीसा होतो. त्यात पार्श्वसंगीत, कोपऱ्यात नाचणारा ससा आणि बरोबर उत्तराला फटाके यांची भर पडली की लहान मुलाचे लक्ष सशाकडे जाणारच. ससा काढून टाकायला पैसे लागत नाहीत.

मग ॲनिमेशन शाळेतून काढून टाकावे का? मुळीच नाही. काही ठिकाणी त्याच्या तोडीचे दुसरे साधन शिक्षकाकडे नाही, आणि नेमक्या त्या ठिकाणी ते फारसे वापरले जात नाही. घड्याळाचेच बघा. वर्गातल्या पुठ्ठ्याच्या घड्याळाचे दोन काटे एकमेकांशी बांधलेले नसतात. शिक्षक साडेतीन दाखवताना मिनिटकाटा सहावर आणतात आणि तासकाटा तीनवरच राहून जातो. मुलाच्या मनात ते चित्र बसते आणि खऱ्या घड्याळात तासकाटा तीन आणि चारच्या मधोमध दिसला की त्याला वेळ सांगता येत नाही. ॲनिमेशनमध्ये मिनिटकाटा पूर्ण फेरी मारत असताना तासकाटा सावकाश तीनवरून चारकडे सरकताना दाखवता येतो. आता हा व्हिडिओ कसा वापरायचा? तीन वाजता थांबवायचा. ‘मिनिटकाटा सहावर येईल तेव्हा तासकाटा कुठे असेल? पाटीवर काढा,’ असे सांगायचे. निम्म्या पाट्यांवर तो तीनवरच असेल. मुलांनी आपापली पाटी उचलून धरली की मग व्हिडिओ पुढे चालवायचा. आपले चित्र आणि पडद्यावरचे चित्र यांत फरक दिसला की मुले स्वतःच बोलायला लागतात.

मोठ्या संख्यांचेही तसेच. एककाचा ठोकळा, दशकाची पट्टी, शंभराचा चौरस हे हातात देता येते. हजाराचा घन एखाद्या शाळेत असतो. दहा हजार आणि लाख मात्र कुठल्याच वर्गात ठेवता येत नाहीत. त्या घनांची रांग, रांगांचा थर, थरांचा ढीग पडद्यावर उभा राहिला की चौथी-पाचवीतल्या मुलाला लाखाचा आवाका पहिल्यांदा दिसतो. फिरणारा कोन, आरशातली आकृती, उलगडणारी पेटी हे सगळे पडद्याला शोभणारे विषय. पण अपूर्णांकाच्या सुरुवातीला कागदाची घडी पुरते. आणि अंगणात नळ, बादली आणि लिटरचे माप असताना लिटर आणि मिलिलिटर पडद्यावर ओतून दाखवण्याचे काहीच कारण नाही.

आणखी एक अडचण मराठी शाळांची खास आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडचे बरेच व्हिडिओ आधी इंग्रजीत किंवा हिंदीत बनतात आणि मग त्यांना मराठी आवाज दिला जातो. इंग्रजीत त्रेचाळीस म्हणताना आधी चाळीस येतात, मग तीन. पडद्यावर त्याच क्रमाने आधी चार गठ्ठे उजळतात, मग तीन काड्या. मराठी निवेदक मात्र ‘त्रेचाळीस’ म्हणतो, म्हणजे कानाला आधी तीन ऐकू येतात आणि त्याच वेळी डोळ्यासमोर चार गठ्ठे असतात. चौतीस आणि त्रेचाळीस यांत आधीच गोंधळणाऱ्या मुलाला यातून मदत होण्याऐवजी अडचणच होते. डॉ. मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. त्या रीतीबद्दल मतभेद असू शकतात. पण मुले या संख्यानामांपाशी अडखळतात, ही त्यामागची काळजी खरी होती, आणि त्या गदारोळात तिच्याकडे दुर्लक्ष झाले. मराठी मुलांसाठीचे व्हिडिओ मराठी संख्यानामे समोर ठेवून पहिल्या चौकटीपासून मराठीतच रचावे लागतील. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे ॲनिमेशनमध्ये किती सुरेख दाखवता येईल! एक गठ्ठा जवळजवळ भरलेला, एक काडी येण्याची वाट. इंग्रजीत ती कल्पनाच नसल्यामुळे नुसता मराठी आवाज दिलेल्या इंग्रजी व्हिडिओत ती कधीच येणार नाही.

व्हिडिओ सलग का चालतो, याचे एक कारण शिक्षकाच्या आळसात शोधणे अन्याय होईल. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे एका वेळी दोन किंवा तीन इयत्ता. तिसरी-चौथीला भागाकार समजावताना पहिली-दुसरीला गप्प बसवायचे तर पडदा लावणे हा सर्वांत सोपा मार्ग. तिथे व्हिडिओ शिकवायला नसतो, मुले सांभाळायला असतो. शिक्षकांची संख्या वाढवण्याऐवजी पडदे वाढवले तर वर्गातला व्हिडिओ याच कामी येणार. थांबवायला, वाट बघायला आणि पाट्या तपासायला वर्गात माणूस लागतो. तो उपलब्ध करून देणे हे सरकारचे काम आहे, आणि कितीही पाठ अपलोड केले तरी सरकार त्यातून सुटत नाही.

चांगले काय असते ते बघायचे तर ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये बीबीसीवर सुरू झालेली ‘नंबरब्लॉक्स’ ही मालिका बघावी. त्यात पाच हे पात्र पाच ठोकळ्यांचेच बनलेले असते. ते दोन आणि तीनमध्ये फुटते तेव्हा ठोकळे तेवढेच राहिलेले मुलाला दिसतात, मोजता येतात. तिथल्या गणित अध्यापनाच्या राष्ट्रीय केंद्राचा सल्ला मालिकेला होता आणि मालिकेच्या भागांवर शिक्षकांसाठी साहित्यही त्या केंद्राने तयार केले. आपल्याकडेही करोनाच्या काळात, २०२० मध्ये, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आणली आणि घरातल्या वस्तूंनी, घरातल्या माणसांबरोबर मुले काय काय करू शकतात ते दाखवले. म्हणजे हे मराठीत होऊ शकते, झालेले आहे.

बालभारती आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांच्याकडे आमची मागणी साधी आहे. पहिली ते चौथीच्या गणिताच्या प्रत्येक व्हिडिओत उत्तराच्या आधी पडदा स्थिर करावा, आणि शिक्षकाने पुढे चालवल्याशिवाय तो पुढे जाऊ नये. कुठे थांबायचे, मुलांना काय विचारायचे आणि त्या वेळी त्यांच्या हातात कोणते साहित्य हवे, हे क्यूआर कोडशेजारीच दोन ओळींत छापावे. पार्श्वसंगीत काढून टाकावे. नवे व्हिडिओ बनवताना जिल्हा परिषद शाळांतल्या दुसरी-तिसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे आणि त्या व्हिडिओंची परीक्षा किती जणांनी पाहिले यावर करू नये. व्हिडिओनंतर मुलांच्या पाटीवर काय आले ते बघावे.

आणि जे वाचक पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत त्यांना एक विनंती. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तुमचा शब्द तिथे चालतो. पुढच्या सभेत नवा टीव्ही किंवा टॅब घेण्याचा ठराव येईल तेव्हा आधी दुसरी आणि तिसरीच्या वर्गात जा. प्रत्येक मुलाला पुरतील इतक्या काड्या, रबरबँड आणि मणी तिथे आहेत का, ते स्वतः मोजा. नसतील तर पडद्याचा ठराव एक महिना थांबवून आधी ते घ्या. एका वर्गासाठी हा खर्च काही शे रुपयांचा आहे.